कॉफीचे बिल कोण देते?

कॉफीच्या दुकानात घडणाऱ्या कथा-कादंबऱ्यांचा विषय निघाला, की यवतमाळसारख्या जिल्ह्यातील मराठीच्या वर्गांतून आणि प्राध्यापकांच्या खोल्यांतून साधारणपणे दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हे साहित्य आपले नव्हे. वातानुकूलित काचेमागे बसून दोन सुखवस्तू जीव आपल्या एकटेपणाविषयी बोलतात. कापसाच्या मातीत वाढलेल्या वाचकाचा त्याच्याशी संबंध काय? दुसरे मत बहुधा विद्यार्थ्यांचे असते आणि बहुधा हळू आवाजात सांगितले जाते. ते असे की, बरे वाटले. एकदा तरी दुष्काळ, सावकार आणि गळफास नसलेली गोष्ट वाचायला मिळाली.

पहिल्या मताच्या पाठीशी अधिकार आहे, दुसऱ्याच्या पाठीशी केवळ आवड. वर्गात या दोहोंची गाठ पडली की काय होते, हे सांगायला नको. पण ही दोन्ही मते एकाच पायावर उभी आहेत. दोघेही कथेचा पत्ता पाहतात आणि तेवढ्यावर निकाल देतात. एकाला तो पत्ता परका म्हणून नकोसा वाटतो, दुसऱ्याला तो परका म्हणूनच हवासा वाटतो. यांपैकी पहिले मत अधिक घातक आहे, कारण गुण देण्याची लेखणी त्याच्या हाती असते.

आधी या 'परकेपणा'चाच समाचार घेऊ. जायफळ घातलेली दुधाची कॉफी मराठी मध्यमवर्गीय घरांत कित्येक पिढ्या पाहुण्यांपुढे येत आली आहे, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवू. तो फारच घरगुती आहे. अधिक बोचरा मुद्दा २००६ सालचा आहे. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात केंद्र सरकारने त्या वर्षी चार राज्यांतील ३१ जिल्ह्यांसाठी पुनर्वसनाचे पॅकेज जाहीर केले. त्या यादीत विदर्भातील सहा जिल्हे होते आणि त्यांत अर्थातच यवतमाळ होता. त्याच यादीत कर्नाटकातील कोडगू, चिकमगळूर आणि हासन हे जिल्हे होते, केरळातील वायनाड होता. हे जिल्हे कशासाठी ओळखले जातात? कॉफीच्या मळ्यांसाठी. १९८९ साली आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटापद्धती मोडली आणि या शतकाच्या सुरुवातीला जागतिक बाजारात कॉफीचे भाव कोसळले; त्याची झळ या डोंगराळ जिल्ह्यांना बसली. म्हणजे आमचे समीक्षक ज्या कपाला 'आपला नव्हे' म्हणून दूर सारतात, त्या कपातील बी पिकवणारा शेतकरी आणि यवतमाळचा कापूस पिकवणारा शेतकरी सरकारदरबारी एकाच कागदावर शेजारी-शेजारी बसलेले होते. साहित्यातील नाते याहून जवळचे कसे असावे लागते?

आणि यवतमाळला जग अनोळखी कधी होते? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला मँचेस्टरच्या गिरण्यांकडून मागणी आली, तेव्हापासून इथल्या घरातली चूल परदेशातल्या भावावर पेटते आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 'शकुंतला' नावाने ओळखली गेलेली अरुंद रेल्वे विलायती कंपनीने घातली ती वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठीच. ज्याच्या आजोबांच्या पिकाचा भाव सातासमुद्रापार ठरत होता, त्या वाचकाला बंगळूरचे किंवा टोकियोचे कॉफीघर समजणार नाही असे म्हणणे हा त्या वाचकाचा अपमान आहे. त्याला जमिनीशी निष्ठा असे नाव दिल्याने तो सन्मान होत नाही.

मग हे मत इतके चिवट का? कारण यवतमाळला साहित्यात एक काम नेमून दिले गेले आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात दोनदा भरले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. कापूस एकाधिकार खरेदी योजना नुकतीच सुरू झाली होती आणि 'पांढरे सोने' हा शब्द अजून उपरोधाशिवाय उच्चारता येत होता. २०१९ साली अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार पेलणाऱ्या स्त्रीने केले. त्या ठामपणे, स्वतःच्या बळावर बोलल्या, याविषयी दुमत नाही. प्रश्न आपला, म्हणजे साहित्यव्यवहार करणाऱ्यांचा आहे. या दोन संमेलनांमधल्या शेहेचाळीस वर्षांत यवतमाळ हे नाव आपण एका दुःखाचे समानार्थी करून टाकले. आता त्या जिल्ह्यातील मुलीने दुसरे काही लिहिले, तर तिला 'तुझे अनुभवविश्व' कोणते याची आठवण करून दिली जाते. पुण्याच्या मुलीला तिचे अनुभवविश्व कोणी नेमून देत नाही.

या मुलीचा विचार थोडा अधिक करू. 'कॉफी शॉप कशाला, आपली चहाची टपरी आहे की, तिच्यावर लिहा' असा सल्ला देणाऱ्यांनी टपरीवर कोण बसते हे एकदा पाहावे. बसस्थानकाच्या, कचेरीच्या, बाजार समितीच्या बाहेरची टपरी ही पुरुषांची जागा आहे. अर्धा चहा, वर्तमानपत्राचे एक पान आणि राजकारण यांवर तिथे तासभर काढता येतो, पण तो पुरुषाला. वीस वर्षांची मुलगी तिथे एकटी तासभर बसू शकत नाही. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत अलीकडे निघालेल्या कॅफेंत, थोडे जास्त पैसे मोजून, ती निदान बसू शकते. तिथेही कोणी ओळखीचे दिसेल का, ही धास्ती असते आणि घरी सांगायची सबब आधीच तयार ठेवावी लागते. एका कपाच्या किमतीत विकत घेतलेला हा एक तास म्हणजे कादंबरीचा ऐवज नव्हे, तर काय आहे? 'देशी' म्हणून टपरीची तरफदारी करणाऱ्याच्या ध्यानात हे येत नाही, कारण त्याला बसायला जागा कधी शोधावीच लागलेली नसते.

याचा अर्थ कॉफी शॉपमधले सगळे साहित्य निर्दोष ठरते असा नाही. त्यातले पुष्कळसे खरोखरच टाकाऊ आहे. काचेवर पाऊस, कपावर फेस, फेसावर नक्षी, समोर जुना मित्र किंवा मैत्रीण आणि मध्ये एक न बोललेले वाक्य: हा साचा आता दिवाळी अंकांनाही पाठ झाला आहे. अशा कथांत कप आपोआप येतो आणि आपोआप जातो. तो कोणी विसळत नाही. दुकान बंद होण्याची वेळ होत नाही. आणि मुख्य म्हणजे शेवटी बिल येत नाही. तोशिकाझू कावागुची यांच्या 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड' या जपानी कादंबरीच्या (२०१५) जगभरातील यशानंतर दिलासा देणाऱ्या कॉफीघरांची लाटच आली. त्या कादंबरीत निदान एक कडक नियम आहे: भूतकाळात जाता येते, पण वर्तमान बदलत नाही आणि कॉफी थंड होण्याआधी परतावे लागते. तिचे अनुकरण करणाऱ्या पुष्कळांनी दिलासा उचलला आणि नियम दुकानातच ठेवला. 'बरे वाटले' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनाही म्हणूनच विचारायला हवे की, बरे कशाने वाटले? दुःख नव्हते म्हणून, की कोणाचीच कशाची किंमत मोजावी लागली नाही म्हणून?

या उलट चांगल्या लेखकांनी काय केले पाहा. नगीब महफूझ यांच्या 'मिदाक गल्ली'त (१९४७) किर्शाच्या कॉफीघरात वर्षानुवर्षे कथा गाऊन सांगणाऱ्या वृद्धाला मालक सुरुवातीलाच बाहेरची वाट दाखवतो, कारण आता तिथे रेडिओ बसतो आहे आणि गिऱ्हाइकांना त्या जुन्या कथा नकोत. एका प्रसंगात एक अख्खी मौखिक परंपरा बेरोजगार होते. हेमिंग्वेच्या 'अ क्लीन, वेल-लायटेड प्लेस' या छोट्याशा कथेत (१९३३) रात्र सरत आली आहे, एक म्हातारा उठत नाही आणि दोन वेटरांपैकी तरुणाला घरी जायचे आहे. एकाच्या एकटेपणाची किंमत दुसऱ्याच्या झोपेत मोजली जाते. विवेक शानभाग यांच्या 'घाचर घोचर' या कन्नड कादंबरीचा (२०१३) निवेदक बंगळूरच्या कॉफी हाउसात निवांत बसतो. तो असा कसा बसू शकतो? काकाच्या मसाल्याच्या धंद्यातून, काहीही काम न करता, त्याला दरमहा पगार मिळतो. त्या पैशाने एका साध्या कुटुंबाचे काय झाले, हीच सगळी कादंबरी. बिल कोण देते, या प्रश्नाचे इतके थंडपणे दिलेले उत्तर अलीकडच्या भारतीय साहित्यात विरळाच.

मराठीतही हे घडलेले आहे. देशीयतेचा दाखला देताना ज्या नेमाड्यांचे नाव घेतले जाते, त्यांचा पांडुरंग सांगवीकर 'कोसला'त (१९६३) पुण्यात राहतो आणि वडिलांचे पैसे उडवतो. गावाकडून येणाऱ्या त्या पैशाचे ओझे कादंबरीभर जाणवत राहते. अरुण कोलटकर मुंबईच्या काळा घोडा भागातील वेसाइड इनमध्ये बसत आणि तिथून दिसणारा रस्ता, झाडणारे, खाऊ-पिऊ घालणारे, रस्त्यावरच राहणारे लोक हाच त्यांच्या 'काला घोडा पोएम्स'चा (२००४) विषय झाला. काच असली, की तिच्यातून बाहेर पाहता येते. ते पाहायचे की नाही, हे लेखकाने ठरवायचे असते.

इथे एक आक्षेप येईल. म्हणजे शेवटी प्रत्येक कपात शेतकरी दिसलाच पाहिजे, अशी तुमची सक्ती आहे काय? नाही. 'घाचर घोचर'मध्ये शेतकरी नाही, हेमिंग्वेच्या कथेतही नाही. मागणी एवढीच आहे की, कथेतल्या माणसाला तिथे बसायला फुरसत कुठून मिळाली, हे कथेला ठाऊक असावे. ते तिने सांगितलेच पाहिजे असेही नाही. आणि हीच कसोटी ग्रामीण म्हणवणाऱ्या कथेलाही लावा. कोरडी विहीर, भेगाळलेले शेत, झाडाची फांदी आणि दोर एवढ्यावर उभी असलेली कथा ही फेसावरच्या नक्षीइतकीच सजावट आहे. क्विंटलला भाव काय मिळाला, हमाली-तोलाई किती कापली, चुकारे कधी हाती आले, बियाणे कोणाच्या उधारीवर आणले, हे ज्या कथेला ठाऊक नाही तिनेही बिल चुकवलेलेच असते. फरक एवढाच की तिला आपण पुरस्कार देतो.

तेव्हा मराठीच्या शिक्षकांना एक आग्रहाची सूचना. पुढच्या वेळी विद्यार्थिनीने कॉफी शॉपमधली कथा वाचायला किंवा लिहून आणली, तर 'हे आपले नाही' असे म्हणण्याआधी तिला तीन प्रश्न विचारा. या कथेत कप कोण विसळते? दुकान कधी बंद होते? पैसे कोण देते? तिच्याकडे उत्तरे असतील, तर गुण द्या. नसतील, तर कथा परत करा आणि ती का परत करत आहोत हे स्पष्ट सांगा. मात्र कापसावरची कथा तपासतानाही हेच तीन प्रश्न हाताशी असू द्या.