दखनी बोली आणि तिची गाणी

एखाद्या समाजाची बोली हसण्यावारी नेली की हळूहळू त्याचे गाणेही मुके होते. हैदराबादेत शिकणाऱ्या आम्हां मराठी विद्यार्थ्यांनी या गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. या नगरीच्या बाजारांत आणि गल्ल्यांत अहोरात्र कानी पडणारी दखनी पुष्कळांना 'बिघडलेली उर्दू' वाटते. १९६५ च्या 'गुमनाम' चित्रपटात मेहमूद यांनी ती हास्यरसासाठी योजिली, आणि तेव्हापासून 'नक्को' हा शब्द उच्चारताच हशा पिकावा असा जणू दंडकच पडून गेला.

परंतु हा 'नक्को' आला कोठून? तो आमच्याच 'नको'चा भाऊ आहे. 'मैंच', 'वोइच' यांत जोर देणारा 'च'सुद्धा मराठीच्याच घरचा. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस आणली, १३४७ मध्ये बहामनी राज्य उभे राहिले, आणि उत्तरेकडून आलेली बोली मराठी, तेलुगू व कन्नड यांच्या शेजारात नांदू लागली. या भाषेत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताबे नौरस' हा रागबद्ध गीतांचा ग्रंथ रचला. हैदराबाद वसविणाऱ्या महंमद कुली कुतुबशहाने कविता केली. वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' हा गद्यग्रंथ लिहिला. जी भाषा राजांनी गाइली, तिला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणावे?

आम्हांस मात्र दरबाराहून जाते अधिक जवळचे वाटते. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' नावाची दखनी गीते झाली. दळताना बायकांनी ती म्हणावीत आणि घरोघर भक्तीचा बोध पोचावा, हा त्यांचा हेतू. जात्याच्या खुंट्यास त्यांत 'अलिफ' या अक्षराची उपमा दिलेली आहे. आमच्या आज्यापणज्यांनी विठ्ठलास ज्या जात्यावर आळविले, त्याच जात्यावर शेजारीण अल्लाचे नाव घेत होती. धर्म दोन, परंतु घरघर एकच!

दूर अफगाणिस्तानातील हजारा लोकांची कथाही अशीच आहे. मंगोल व तुर्की शब्द मिसळलेल्या त्यांच्या हजारगी फारसीला नागर फारसी बोलणाऱ्यांनी हीन लेखले. तरीही दोन तारांच्या डंबुऱ्यावर ती गाइली गेली, आणि दाऊद सरखोश यांसारख्या गायकांनी ती परदेशांतही नेली. १९९६ नंतर तालिबानी राजवटीने संगीतावर बंदी घातली आणि २०२१ नंतर पुन्हा तेच घडले. तेथे गाणे सत्तेच्या धाकाने थांबविले जाते. येथे ते थट्टेने आणि उपेक्षेने थांबते. दुसरा प्रकार सौम्य दिसतो, इतकेच.

कोणी म्हणतील, "आपण आधी आपली मराठी शुद्ध राखावी, दखनीचे ओझे कशाला?" मराठी शुद्ध राखावी, हे आम्हांस मान्यच आहे. परप्रांतात मातृभाषेतून शिकणाऱ्यास तिचे मोल निराळे सांगावे लागत नाही. परंतु म्हणूनच शेजाऱ्याच्या मातृभाषेचा मान आम्ही अधिक जाणला पाहिजे. स्वभाषेचा अभिमान म्हणजे परभाषेचा उपहास नव्हे.

मग करावे काय? हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यासाठी मुख्यतः लागली ती म्हाताऱ्या स्त्रियांजवळ बसून ऐकण्याची चिकाटी. ती विद्यार्थ्यांपाशी का नसावी? दखनी बोलणाऱ्या शाळूसोबत्याच्या घरी जावे, त्याच्या दादीला अंगाईगीत वा लग्नातले गाणे म्हणण्याची विनंती करावी, ते वहीत जसेच्या तसे उतरून घ्यावे आणि खाली अर्थ लिहावा. पिठाच्या गिरण्यांनी जाती केव्हाच थांबविली आहेत. ती गाणी ज्यांच्या कंठात उरली, त्यांची वये झाली आहेत. हे काम पुढील वर्षावर टाकण्याजोगे नाही, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे.