जुना फोन आईला देताय? आधी ही तारीख बघा

आपल्याकडे नवा फोन घेतला की जुना सहसा आई-बाबांकडे जातो. बॅटरी बदलली, स्टोरेज मोकळं केलं, फॅक्टरी रिसेट मारला की पाच वर्षांचा फोनही बऱ्यापैकी पळायला लागतो. पण माझ्या मते खरा प्रश्न तो पळतो का, हा नाहीच. त्यावर पैशांचे व्यवहार करायचे का, हा आहे.

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख शोधा. ती दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल, तर कंपनीने त्या फोनकडे पाठ फिरवली असं समजायला हरकत नाही. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी गुगल 2015 पासून नियमित जाहीर करतं. चालू मॉडेल्सना त्यावरचा उपाय अपडेटमधून मिळतो. जुन्या फोनला उपाय मिळत नाही, त्रुटी मात्र जगजाहीर झालेली असते. म्हणजे घरातला सगळ्यात कच्चा फोन आपण अशा माणसाला देतो, ज्याला फसवे मेसेज ओळखायची सवय सगळ्यात कमी. आणि वर त्यात यूपीआय!

युरोपीय महासंघाने यावर 20 जून 2025 पासून नियम लागू केलेत. अपडेट काढले, तर मॉडेलची विक्री थांबल्यावरही 5 वर्षं ते फुकट द्यायचे. सुटे भाग 7 वर्षं मिळाले पाहिजेत. बॅटरी 800 वेळा चार्ज झाल्यावरही तिची क्षमता किमान 80 टक्के राहिली पाहिजे. आपल्याकडे सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल आहे, पण कंपन्यांवर असं बंधन नाही. पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 पासून 7 वर्षं अपडेटचं आश्वासन मिळू लागलं, पण ते महागड्या फोनांना. आपण जास्त करून घेतो त्या स्वस्त फोनांचा अपडेट बराच आधी संपतो.

मग करायचं काय? अपडेट चालू असतील तर बॅटरी बदला आणि बिनधास्त द्या. बंद झाले असतील तर बँकेची आणि यूपीआयची ॲप काढा, बँकेला जोडलेलं सिमही दुसऱ्या फोनमध्ये टाका. मग तो फोन गाणी, यूट्यूब, पोरांचा अभ्यास यासाठी वापरा. तुमचं मॉडेल यादीत असेल तर 'लिनिएजओएस' टाकून नवं अँड्रॉइडही मिळू शकतं, पण त्यावर बँकेची बरीच ॲप चालत नाहीत. कॅमेरा म्हणून चोवीस तास चार्जरला लावून मात्र ठेवू नका. त्याने बॅटरी फुगते. मागचं कव्हर उचललेलं दिसलं तर फोन लगेच बंद करून दुकानात न्या.

आईला यूपीआय लागतंच ना? मग तिच्यासाठी अपडेट मिळणारा साधा नवा फोन घ्या. आणि घेताना कॅमेऱ्याआधी एकच विचारा: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं?