‘अहिल्या’ हे नाव जुनाट कसे?

मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे धुळे जिल्ह्यातील गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. लेकीला सासरी पाठविताना हंडा-कळशीवर नाव घालून देण्याची आपली जुनी चाल. खानदेशातील कोणत्याही जुन्या घरातील अशी भांडी माळ्यावरून खाली काढावीत. यशोदा, गंगा, रुक्मिणी, अन्नपूर्णा, अहिल्या अशी नावे वाचावयास मिळतील. मात्र त्याच घरात नात जन्मली आणि आजीने यांतील एखादे नाव सुचविले, तर तिला एका वाक्यात गप्प केले जाते, “अहो, शाळेत हसतील तिला!”

मग नाव येते कोठून? २०१२ च्या एका हिंदी चित्रपटातील आणि पुढे एका लोकप्रिय मराठी मालिकेतील ‘शनाया’ घरोघरी पोहोचली. तिच्या पाठोपाठ ‘कियारा’ आली. अर्थ विचारावा, तर तो संगणकावर शोधून सांगावा लागतो. त्या निरागस मुलींचा यात काडीचाही दोष नाही. प्रश्न आहे तो त्यांचे नाव ठेवणाऱ्या आपल्या मनोवृत्तीचा.

याच महामार्गाने उत्तरेस गेले की नर्मदाकाठचे महेश्वर जवळ येते. तेथून अहिल्यादेवींनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्यकारभार केला, काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी आपण थाटाने साजरी केली. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले, तेव्हा पेढे वाटले. जिल्ह्याला जे नाव देताना ऊर अभिमानाने भरून येतो, तेच पोटच्या मुलीला देताना संकोच का वाटावा? आणि बहिणाबाई? आसोद्याच्या या निरक्षर शेतकरी स्त्रीचे ‘खेडवळ’ नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे. खानदेशातील पदवीधर ते आपल्या पदवीपत्रावर मिरवितात.

परंतु जे जे जुने ते ते सोने, असे आमचे म्हणणे नाही. ‘नकुसा’ हेही जुनेच नाव होते. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, हे उत्तमच झाले. सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी ‘चिंधी’ म्हणत. जे नाव मुलीचा अवमान करते, ते कितीही जुने असले तरी टाकूनच दिले पाहिजे. कसोटी वयाची नसून अर्थाची आहे. त्या कसोटीवर यशोदा आणि अहिल्या उतरतात, नकुसा उतरत नाही.

परदेशात उच्चार जमणार नाही, हा दुसरा आक्षेप. ज्या जगाला ‘चायकोव्हस्की’ म्हणता येते, त्याला ‘अन्नपूर्णा’ही म्हणता येईल, मात्र आपण प्रथम ते न लाजता उच्चारले पाहिजे. राहिला प्रश्न शाळेतील चेष्टेचा. मुले कोणत्याही नावाची चेष्टा करतात. जिला आपल्या नावामागची कथा घरातून ठाऊक असते, ती डगमगत नाही.

शिवाय, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या महाराष्ट्रातील बालकाच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिले जाते. म्हणजे आज पाळण्यात ठेवलेले नाव उद्या तिच्या अपत्याच्या कागदोपत्रीही राहणार आहे. मग लग्नात तांदळावर नवे नाव लिहून माहेरचे नाव पुसण्याच्या प्रथेचाही परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी फेरविचार करावयास नको का?

आणि सर्वांत कठोर प्रश्न स्वतःलाच विचारावा लागेल. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८४२. जी जन्मासच आली नाही, तिचे बारसे कोण करणार? कानबाईचे रोट श्रद्धेने करणाऱ्या खानदेशाला हा आकडा शोभत नाही. देवीचे नाव घ्यावयाचे आणि लेक नाकारावयाची, हा दंभ आहे.

तेव्हा मुलीच्या जन्माचे पेढे मुलाइतक्याच आनंदाने वाटा. आत्याने तिच्या कानात नाव सांगण्यापूर्वी घरातील पणजीचे नाव एकदा आठवून पाहा. ते अर्थपूर्ण असेल, तर निःसंकोच ठेवा. त्या नावाने तिला शिकवा, मोठे करा आणि सासरीही तिचे तेच नाव राहील, असा आग्रह धरा.