‘फास्ट’ म्हणजे घट्ट

मुंबईहून सुटलेली कसारा फास्ट लोकल कल्याणपर्यंत अनेक स्थानके गाळते. पुढे मात्र टिटवाळा, आसनगाव, खर्डी करीत ती उंबरमाळीसारख्या लहानशा स्थानकातही उभी राहते. ही कसली फास्ट, असे प्रवासी चिडून म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर तो या थांबण्याच्याच अधिक जवळ आहे.

जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’चा अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. कापडाचा ‘फास्ट कलर’ हा त्याचाच अवशेष. उपवासाचा ‘फास्ट’ही नियम घट्ट धरण्यातून आलेला. जर्मन ‘फेस्ट’ आजही घट्टच आहे. मग वेग आला कुठून? घट्ट म्हणजे जोर लावून, आणि जोर लावून धावणे म्हणजे वेगाने धावणे. यात नवल वाटणाऱ्याने ‘जोरात पळ’ हे मराठी आठवावे. फारसी ‘जोर’ म्हणजे बळ, वेग नव्हे.

इथवर कोणाची तक्रार नसते. ती सुरू होते उद्घोषणेतल्या ‘जलद’पाशी. संस्कृतात ‘जलद’ म्हणजे मेघ. मेघासारखी धावते ती जलद, अशी व्युत्पत्ती जुळवायला क्षण पुरतो. ती साफ चुकीची आहे. वेगवाचक ‘जलद’ फारसी ‘जल्द’वरून आला, हिंदी ‘जल्दी’चा तो सख्खा भाऊ. अरबीत ‘जल्द’ म्हणजे कणखर. बळाकडून वेगाकडे जाणारी वाट इथेही तीच.

फारसी म्हटले की अभिमान दुखावणाऱ्यांनी राज्यव्यवहारकोश उघडावा. शिवाजी महाराजांनी तो करवून घेतला तो दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. कोशकाराने परका शब्द परका म्हणूनच नोंदवला आणि शेजारी आपला ठेवला. परक्याला ओढूनताणून संस्कृत ठरविण्याची त्याला गरज वाटली नाही. ती हौस पुढच्यांची. पु. ना. ओकांनी ‘व्हॅटिकन’मध्ये ‘वाटिका’ शोधली आणि उच्चार जुळला एवढ्यावर इतिहास उभा केला. आज तेच तंत्र चार ओळींच्या चित्रांतून फिरते, आणि इतिहासाची आवड असलेली मुलेच ते सर्वांत आधी पुढे पाठवतात, हे अधिक क्लेशकारक.

खरे नाते हवे असेल तर ते आहे. पण कानाला पटणारे नाही. इंग्रजी ‘क्विक’चा जुना अर्थ जिवंत असा होता, आणि तो शब्द संस्कृत ‘जीव’चा सगोत्र आहे. दोघांचे पहिले व्यंजन सारखे नाही. तरीही नाते सिद्ध होते, कारण हा बदल एकट्या शब्दापुरता नाही. ‘क्वीन’ आणि वैदिक ‘जनि’, म्हणजे स्त्री, या जोडीतही तिकडे ‘क्व’ तिथे इकडे ‘ज’ असेच आढळते. लॅटिन ‘वीवुस’ आणि ग्रीक ‘बिओस’ही याच कुळातले. ‘जलद’ला मेघाशी जोडणाऱ्यांच्या यादीत ‘क्विक’ आणि ‘जीव’ ही जोडी सहसा सापडत नाही.