बाहुलीसमोर थांबायलाच हवं

परिचारिकांच्या प्रशिक्षणाबद्दल एक मत ठासून मांडलं जातं : हात बसायला हवा, चर्चा कशाला? सरावाच्या बाळ-बाहुलीच्या तोंडावर मास्क धरा, श्वास देणारी अंबू बॅग दाबा, पुन्हा दाबा. नंतर गोल करून बसणं म्हणजे वेळेची नासाडी. या मताला आधारही आहे. बेळगाव जिल्ह्यात बाळंतपण करणाऱ्या 599 जणांना ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’चं, म्हणजे नवजात बाळाला श्वास घ्यायला मदत करण्याचं, प्रशिक्षण दिल्यावर मृतजन्मांचं प्रमाण 3 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. बाहुलीवरचा सराव जीव वाचवतो, हे मान्यच.

पण बेळगाव, नागपूर आणि केनियातल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की बॅग-मास्क वापरण्याचं कौशल्य काळाबरोबर ओसरतं. “मग सराव वाढवा,” असं उत्तर येईल. जरूर वाढवा, पण कशाचा? छाती वर येत नाही म्हणून बॅग आणखी जोरात दाबणारी सिस्टर तेच वीसदा करत राहिली, तर चूकच पक्की होईल. बाळाची मान नीट नव्हती की मास्कच्या कडेनं हवा निसटत होती? “तुमची नजर त्या वेळी कुठे होती?” असं विचारल्यावरच तिला ते स्वतः उमगतं.

दुसरा आक्षेप : खऱ्या बाळंतपणात विचाराला सवड नसते. खरंच नसते. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला जेमतेम मिनिट मिळतं. म्हणूनच सरावात मधेच थांबावं, कारण तिथेच थांबता येतं. काम करता करता होणारा विचार आणि नंतरचा विचार, दोन्ही व्यावसायिकाला घडवतात, हे व्यावसायिकांच्या शिकण्याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्येच मांडलं होतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : असं थांबून केलेलं चिंतन म्हणजे शेवटी वहीत उतरवलेला मजकूर. वैद्यकीय अभ्यासक्रमात 2019 पासून चिंतनलेखन आलं, आणि जिथे गुणांसाठी लिहावं लागतं तिथे नक्कल होणारच. पण हा दोष सक्तीच्या कागदाचा आहे, विचाराचा नाही.

बीदर जिल्ह्यातल्या औरादला असं चिंतन ही चैन नाही. जिल्ह्याचं ठिकाण बीदर तिथून सुमारे 40 किलोमीटर. मोठे डॉक्टर येईपर्यंत निर्णय हजर असलेल्या सिस्टरचाच. तिथे मराठी, कन्नड, उर्दू शेजारी नांदतात. म्हणून प्रत्येक सरावानंतर दहा मिनिटं राखून ठेवा, गुण देऊ नका, प्रशिक्षकानं सांगण्याआधी विचारावं आणि सिस्टरला तिच्या भाषेत बोलू द्यावं. एवढी तरतूद नसेल, तर ते प्रशिक्षण अपुरं मानावं.