महाडचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस



दरवर्षी 20 मार्चला आपण चवदार तळ्याचा दिवस पाळतो. लेकराबाळांना घेऊन महाडला जातो, तळ्याच्या पायऱ्या उतरतो. पण त्या गावच्या नगरपालिकेचा अध्यक्ष कोण होता, असे घरातल्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक घरांत उत्तर येणार नाही. त्या अध्यक्षाचे नाव सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणत. जन्माने ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, म्हणजे सवर्ण. तरीही ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निष्ठावंत सहकारी होते.

हकिकत अशी. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्याला धरून महाड नगरपालिकेनेही जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. आज हे सोपे वाटते. पण त्या काळी गावातल्या सोयऱ्याधायऱ्यांचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष अंगावर घेऊन अशी बाजू धरणे म्हणजे स्वतःच्याच घरात परके होणे होते.

ठराव झाला, पण तळ्यावर कोणी गेले नाही. सवर्णांची दहशतच तशी होती. मी स्वतः कारकुनी करतो. मंजूर झालेले कागद फाइलीत कसे झोपी जातात, ते रोज पाहतो. महाडचा तो कागद तीन वर्षे तसाच झोपला होता. त्याला जागे केले आपल्या माणसांनी. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र मोरे आणि त्यांचे सोबती खेड्यापाड्यांतून लोक जमवत होते. अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे आणि सुरबानाना हे सवर्ण साथी बरोबर होते. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले.

पुढचे तुम्ही जाणता. हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या चालवल्या गेल्या. तळे शेणगोमूत्राने ‘शुद्ध’ केले गेले. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने 1924 चा तो ठराव रद्द केला!

इथे क्षणभर थांबून विचार करावा. खुर्चीवर एखादा भला माणूस बसला की काम झाले, असे आपण समजतो. महाडने दाखवले की तेवढ्याने भागत नाही. सभागृहात हात वर करणारे बाकीचे कोण आहेत, हेही पाहावे लागते. जे बहुमताने मिळते ते बहुमताने काढूनही घेता येते. म्हणून बाबासाहेबांनी लढा सोडला नाही. खटला चालला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

त्याच 1937 साली प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. बाबासाहेबांनी आदल्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. सुरबानाना त्या पक्षातर्फे कुलाबा जिल्ह्यातून, सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि निवडून आले. राखीव जागेचा आधार नव्हता, काँग्रेसची लाट होती. तरी महारांच्या पुढाऱ्याचा पक्ष म्हणून ज्याला हिणवले जाई, त्या पक्षाच्या माणसाला त्याच जिल्ह्याने कायदेमंडळात धाडले.

आपल्या मराठवाड्यात जशी जहागीरदारी, तशी कोकणात खोती होती. खोत सरकारचा सारा वसूल करी आणि कुळांना पिळून काढी. ही खोती मोडण्याचे बिल बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. सुरबानानांचा पक्ष असा कष्टकऱ्यांचा होता. खोती रद्द करणारा कायदा व्हायला मात्र 1949 साल उजाडले.

आता आपल्याकडे वळू. जालना, अंबड, परतूर, भोकरदन इथल्या नगरपालिका आपल्या ओळखीच्या. त्यांतील जालन्याची 2023 साली महानगरपालिका झाली. पाटी बदलली, पण नळाला पाणी किती दिवसांनी येते, हा आयाबहिणींचा प्रश्न जुनाच आहे. मते मागायला येणाऱ्याला विचारा, आमच्या वस्तीच्या पाण्याचा, नालीचा, दिव्याचा ठराव कधी झाला? ठरावाची प्रत मागा. 2005 सालापासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. साधा अर्ज लिहून प्रत मिळवता येते. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावे.

आणि येत्या 20 मार्चला घरात बाबासाहेबांची गोष्ट सांगाल, तेव्हा सुरबानानांचेही नाव घ्या. आपल्या जातीचे बळ सोडून जो न्यायाच्या बाजूला आला, त्याचे उपकार स्मरणे ही माणुसकीच आहे.

जयभीम.