पडद्यावरचा इशारा कळला नाही, तर भुर्दंड आपल्यालाच



कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षरओळख नसलेल्यालाही धोका कळावा म्हणून ही खूण. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी लेबलावर प्रादेशिक भाषाही सक्तीची केली. तरीही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. इशारा छापला म्हणजे जबाबदारी संपली, असे होत नाही. तो उमगला पाहिजे आणि त्याप्रमाणे वागता आले पाहिजे.

आता गावात ड्रोन आला आहे. कुणाच्या पोराने हौसेने छोटा कॅमेऱ्याचा घेतला, कुठे बचत गटाकडे फवारणीचा आला. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० बचत गटांना किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये मदत ठरली. उरलेला बोजा गटाच्याच डोक्यावर. अशी महागडी वस्तू आकाशात असताना रिमोटच्या पडद्यावर लाल अक्षरे येतात, तीही बहुधा इंग्रजीत. आपली मुले इंग्रजी वाचतात, नाही असे नाही. पण ‘कंपास एरर’ वाचता आले म्हणून पुढच्या पाच सेकंदांत काय करायचे ते कळत नाही. म्हणून नेहमीचे इशारे नीट समजून घेऊ.

होकायंत्राची तक्रार आली तर आधी भोवती लोखंड शोधा. ट्रॅक्टरची ट्रॉली, जीपचे बॉनेट, बोअरचा केसिंग पाइप, विहिरीवरचा सळयांचा स्लॅब, यांच्यावर किंवा जवळून ड्रोन उडवू नये. तिथेच उभे राहून होकायंत्र पुन्हा जुळवत बसलात तर ते आणखी बिघडते. पंधरा-वीस पावले मोकळ्या रानात जा.

जीपीएस कमजोर असल्याचा इशारा म्हणजे ड्रोनला आपण कुठे आहोत हे कळत नाही. हात सोडला तर तो एका जागी थांबणार नाही, तुटलेल्या पतंगासारखा वाऱ्याबरोबर जाईल. अशा वेळी वाऱ्याच्या उलट दांडी धरून सावकाश खाली घ्यावा. उडवण्यापूर्वी उपग्रह सापडून परतीची जागा नोंदली गेल्याची खात्री करावी. ही नोंद चुकली तर परत येणारा ड्रोन दुसऱ्याच्याच रानात उतरतो.

सिग्नल तुटला की बहुतेक ड्रोन आपोआप माघारी फिरतात. ठरवून दिलेली उंची गाठतात आणि सरळ रेषेत येतात. ती उंची वाटेतल्या सर्वात उंच झाडापेक्षा आणि विजेच्या तारांपेक्षा जास्त ठेवणे आपल्या हाती आहे. बारीक तार ड्रोनच्या डोळ्याला दिसेल या भरवशावर राहू नका. आणि पुरुषभर मालदांडीत उभे राहून रिमोट चालवू नका. हिरवे, ओलसर पीक सिग्नल अडवते. बांधावर उभे राहा.

बॅटरीच्या इशाऱ्यात खरी मेख वाऱ्याची आहे. वाऱ्याबरोबर लांब गेलेल्या ड्रोनला परतताना वारा तोंडावर घ्यावा लागतो आणि अर्धी बॅटरीही पुरत नाही. म्हणून जाताना वाऱ्यावर जावे, येताना वाऱ्याबरोबर यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बॅटरी उन्हात ठेवू नये, उतरवलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये.

जोराच्या वाऱ्याचा इशारा आला तर आधी उंची कमी करा, मग परत फिरवा, कारण जमिनीपेक्षा वर वारा जास्त असतो. फवारणीच्या ड्रोनला हा इशारा दुप्पट महत्त्वाचा. ज्वारीत मारलेले टू-फोर-डी वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले की कपाशीची पाने आकसतात, पीक हातचे जाते. ड्रोन सुखरूप उतरला तरी दोन भावांत भांडण लागते.

काही वेळा पडदा गप्प राहतो, कायदा मात्र लागू असतो. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जमिनीपासून वर उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांची मर्यादा आहे. आजूबाजूच्या गावांतील पोरांनी डिजिटल स्कायचा नकाशा आधी पाहावा.

कुणी म्हणेल, एवढे जमत नसेल तर ड्रोन घेऊच नका. हे आपल्याला मान्य नाही. नवे यंत्र शहरवाल्यांचे आणि जुना पाठपंप शेतकऱ्याचा, ही वाटणी कुणी ठरवली? यंत्र हवे, पण त्याची भाषाही हवी. ड्रोनच्या पोटात प्रत्येक उड्डाणाची नोंद राहते. तो कोसळला की कोणता इशारा कोणत्या सेकंदाला आला ते निघते, आणि ‘इशारा होता, तुम्ही पाहिला नाही’ असे ऐकावे लागते. न कळणारा इशारा दाखवून जबाबदारी झटकण्याची ही सोय मोडली पाहिजे.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव व्हावा. शेतीसाठी अनुदानाने मिळणाऱ्या प्रत्येक ड्रोनच्या पडद्यावर मराठी हवी. इशाऱ्यात नुसते दोषाचे नाव नको, ‘खाली घ्या’, ‘लोखंडापासून दूर जा’ अशी कृती हवी. आणि प्रशिक्षण वर्गाच्या खोलीत नको, वाऱ्यातल्या रानात प्रत्येक इशारा समजावून व्हावे.

विषाच्या डब्यावर मराठी असावी हे सरकारला मान्य आहे. मग तेच विष डोक्यावरून फवारणाऱ्या यंत्राला वेगळा न्याय कशासाठी?